अंगठा ठेवण्याआधी

देशातलं पहिलं आधार कार्ड २०१० साली आपल्याच राज्यात, नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात दिलं गेलं. आज गावातच बँक मित्राच्या मशीनवर अंगठा ठेवला की पैसे हातात येतात. तालुक्याची फेरी वाचते, रोज बुडत नाही. सोय मोठीच आहे.

पण खुरपणी, भांडी, शेण-मातीनं आपल्या बोटांच्या रेषा झिजतात. मशीन अंगठा ओळखत नाही. मग "बाई, परत ठेवा," असं होतं. सावध राहायचं ते इथंच. या व्यवहाराला पिन लागत नाही, ओटीपी लागत नाही. अंगठा हीच सही. पहिला अंगठा लागलेला असूनही दुसरा ठेवला, तर खात्यातून दोनदा पैसे जाऊ शकतात.

म्हणून आम्ही गटात रीत पाडली आहे. अंगठा ठेवण्याआधी दर वेळी रक्कम विचारायची. लागला नाही म्हणाले तरी पावती मागायची. महिन्यातून एकदा पासबुक भरून आणायचं. मशीनवाला भावकीतला असला तरी भीड धरायची नाही. हिशेब विचारणं म्हणजे संशय घेणं नव्हे. फसवणूक झालीच, तर लगेच १९३० वर फोन करायचा आणि बँकेत लेखी अर्ज द्यायचा. बोटांचे ठसे आधारला कुलूपबंदही करता येतात. चौकशीला १९४७ नंबर आहे.

पूर्वी अंगठा देणारीला अडाणी म्हणत. आता शिकलेलीही अंगठाच देते. शहाणी ती, जी आधी विचारते.