पेट्रोलवर चालणाऱ्या लहान यंत्रांची निगा



बीडहून सोलापूरच्या रस्त्याने निघाले, की मांजरसुंब्याचा घाट चढण्याआधी पाली लागते. जवळच बिंदुसरेचा तलाव आहे आणि वर बालाघाटचे डोंगर. या भागात रानात कपाशी, सोयाबीन, तूर आणि डोंगरउतारावर सीताफळ. बीडच्या सीताफळाला २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. इथल्या शेतकऱ्याच्या घरी पूर्वी वळचणीला कोळपे, खुरपे आणि विळा एवढीच अवजारे असत. आता त्यांच्या शेजारी पेट्रोलवर चालणारे एखादे लहान यंत्र दिसू लागले आहे. कुणाकडे बागेतले गवत कापायचा ग्रास कटर, कुणाकडे फवारणीचा पंप, तर कुणाकडे कपाशीच्या ओळींतून फिरणारा पॉवर वीडर. यांतले कोणते यंत्र घ्यावे, हा आजचा विषय नव्हे. घेतलेले यंत्र टिकवावे कसे आणि त्याला पेट्रोल द्यावे कसे, एवढेच आज आपण पाहू.

वाफसा म्हणजे काय, हे तुम्हाला मी सांगायला नको. पाऊस उघडतो, रान चिखलातून बाहेर येते, पण अजून कडक झालेले नसते. असे दोन-चार दिवस मिळतात. तेवढ्यात तण निघाले तर निघाले. नाही तर पुन्हा झड लागते आणि तण पिकाच्या डोक्यावर जाते. अशा सकाळी दोरी ओढून ओढून खांदा दुखावा आणि यंत्राने हूं की चूं करू नये! मग ते मोटारसायकलवर बांधून बीडला न्यायचे, तर दुकानात आधीच दहा जणांची यंत्रे रांगेत. मिस्त्री म्हणतो, आठ दिवसांनी या. आठ दिवसांत रान कुणासाठी थांबत नाही.

आता नवल असे, की बहुतेक वेळा हे यंत्र त्या सकाळी बिघडलेले नसते. मागचा हंगाम संपला, टाकीत पाव-अर्धा लिटर पेट्रोल तसेच राहिले आणि यंत्र कोपऱ्यात उभे केले, त्या दिवशीच बिघाडाला सुरुवात झालेली असते. लहान पेट्रोल यंत्र कामाने जितके झिजत नाही, तितके नुसते उभे राहून बिघडते. ही एक गोष्ट ध्यानात ठेवली, तर निम्मी दुरुस्ती वाचेल.

आपल्या शेतकऱ्याला इंजिन काही नवे नाही. विहिरीवरचे डिझेलचे ऑइल इंजिन आपल्या वडिलांनी हँडल मारून चालू केलेले आहे. ते अंगाने दणकट, स्वभावाने सोशिक. पण त्याच्या सवयी या लहान यंत्राला लावता येत नाहीत. लहान यंत्रांत दोन जाती आहेत आणि आपले कोणत्या जातीचे, हे आधी माहीत हवे. पहिली जात फोर स्ट्रोक. तिला पेट्रोलची टाकी वेगळी आणि तेल भरायची जागा वेगळी. दुसरी जात टू स्ट्रोक. तिला तेलाची वेगळी जागाच नसते. पेट्रोलमध्ये जे तेल मिसळून द्याल, तेच तिच्या पिस्टनचे आणि बेअरिंगचे वंगण. नुसते पेट्रोल घालून चालवले, तर काही वेळातच पिस्टन तापून सिलिंडरला धरतो. त्यालाच आपण ‘इंजिन जाम झाले’ म्हणतो. मग दुरुस्तीचा खर्च ऐकून माणूस खाली बसतो.

किती तेल मिसळायचे? हे यंत्राच्या पुस्तिकेत आणि बहुधा टाकीवरही लिहिलेले असते. ‘एकास पन्नास’ असे लिहिले असेल, तर एक लिटर पेट्रोलला २० मिलिलिटर तेल. ‘एकास चाळीस’ असेल तर २५ आणि ‘एकास पंचवीस’ असेल तर ४० मिलिलिटर. तेल टू स्ट्रोकसाठीचे, म्हणजे दुकानात ज्याला ‘टू-टी’ म्हणतात तेच हवे. ट्रॅक्टरचे उरलेले तेल चालणार नाही. अंदाजाने, झाकणाने, ‘थोडे जास्त पडले तर बरेच’ असे म्हणून तेल घालू नये. तेल कमी पडले तर पिस्टन जातो. जास्त झाले तर धूर होतो, प्लग काळा पडतो आणि धुराच्या वाटेत काजळी बसते. औषधाच्या बाटलीबरोबर येणारे खुणांचे लहान माप मिळते, ते या कामासाठी वेगळे ठेवावे. मिश्रण डब्यात करावे, हलवून एकजीव करावे आणि मग टाकीत ओतावे. टाकीतच आधी पेट्रोल, वर तेल असे करू नये.

फोर स्ट्रोक यंत्रात रोज काम सुरू करण्यापूर्वी यंत्र सपाट जागी ठेवून तेलाची पातळी पाहावी. नव्या यंत्राचे पहिले तेल साधारण वीस तास काम झाल्यावर बदलावे. त्यानंतर पन्नास ते शंभर तासांनी. नेमका आकडा पुस्तिका सांगेल.

आता पेट्रोलविषयी. आज पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळलेले असते. वीस टक्के इथेनॉल असलेल्या पेट्रोलची विक्री देशात २०२३ च्या फेब्रुवारीत काही पंपांवर सुरू झाली आणि २०२५ साली देशाने वीस टक्क्यांचे उद्दिष्ट गाठले. हे इथेनॉल धान्यापासून होते, तसेच उसापासूनही होते. दिवाळीच्या सुमारास आपल्या बीड जिल्ह्यातून हजारो जोडपी कोयते घेऊन ऊसतोडीला जातात. त्यांच्या हातच्या उसाचा अंश कारखान्यातून फिरून पेट्रोलच्या रूपाने पुन्हा आपल्याच गावात येतो, असे म्हणायला हरकत नाही.

पण या इथेनॉलचा एक गुण ओळखून राहायला हवे. ते पाणी ओढून घेते. पावसाळ्याची दमट हवा, सैल झाकण, अर्धी रिकामी टाकी, एवढे त्याला पुरते. पाण्याचे प्रमाण वाढले, की पाणी आणि इथेनॉल मिळून खाली थर धरतात आणि पेट्रोल वर राहते. यंत्राची नळी तर टाकीच्या तळातूनच ओढते. म्हणजे कार्बोरेटरला आधी तेच पाणी मिळते! शिवाय जुन्या यंत्रांतली रबराची नळी आणि पडदा इथेनॉलने फुगतात, कडक होतात, चिरतात. अनेक लहान इंजिनांच्या पुस्तिकांत दहा टक्क्यांपर्यंतच इथेनॉल चालेल असे लिहिलेले असते. नवे यंत्र घेताना ‘हे वीस टक्क्यांच्या पेट्रोलसाठी केलेले आहे का?’ असे दुकानदाराला विचारावे आणि पुस्तिकेत पाहून घ्यावे. जुने यंत्र असेल, तर नळ्या दर हंगामाला तपासाव्यात. त्या स्वस्त असतात. कार्बोरेटर स्वस्त नसतो.

इथेनॉल नसले तरी पेट्रोल शिळे होतेच. त्यातला हलका भाग उडून जातो आणि मागे चिकट राळ उरते. कार्बोरेटरमधले छिद्र केसाएवढे; ते एवढ्याशा राळेने बुजते. म्हणून पेट्रोल पंधरा दिवसांच्या कामापुरतेच आणावे. मिश्रण एक महिन्यापलीकडे ठेवू नये. ज्या पेट्रोलचा संशय आला, ते थोडे काचेच्या बाटलीत घेऊन उघड्यावर, उजेडात पाहावे. तळाशी वेगळा थर दिसला, तर ते यंत्रात घालू नये.

भगिनींनो, पुढचे बोलणे विशेष करून तुमच्यासाठी आहे, कारण पेट्रोल ठेवले जाते ते तुमच्या घरात. थंड पेयाच्या किंवा पाण्याच्या बाटलीत पेट्रोल कधी ठेवू देऊ नका. तहानलेले लेकरू बाटली पाहते, आतले पाहत नाही. १९३४ च्या पेट्रोलियम कायद्याने घरच्या वापरासाठी परवान्याशिवाय तीस लिटरपर्यंत पेट्रोल ठेवता येते, पण ते घट्ट बुचाच्या भांड्यात. धातूचा डबा असेल तर तो पंचवीस लिटरपर्यंत आणि काचेची किंवा चिनी मातीची बरणी असेल तर एक लिटरपर्यंत. प्लॅस्टिकच्या बाटलीचे त्यात नावही नाही. धातूचा डबा घ्या, त्यावर लाल रंगाने ‘पेट्रोल’ लिहा आणि चूल, देव्हारा, शेगडी यांपासून दूर, मुलांचा हात पोचणार नाही अशा जागी ठेवा. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती जमिनीवरून सरपटत जाते आणि लांबच्या चुलीजवळही पेट घेते. चुकून कुणाच्या पोटात पेट्रोल गेलेच, तर उलटी करवू नका. उलटीबरोबर ते फुप्फुसात शिरते. तसेच दवाखान्यात न्या. मोटारसायकलच्या टाकीत नळी घालून तोंडाने पेट्रोल ओढायची सवयही याच कारणाने सोडली पाहिजे.

टाकी भरताना यंत्र बंद करून दहा-पंधरा मिनिटे निवू द्यावे. पाठीवरचा पंप खाली उतरवावा. नरसाळ्याला बारीक जाळी हवी. विडी-सिगारेट लांब. सांडलेले पुसून घ्यावे आणि भरलेल्या जागेपासून दहा फूट दूर जाऊन मगच दोरी ओढावी. आणि एक गोष्ट कळकळीने सांगतो: पेट्रोलचे वा डिझेलचे इंजिन विहिरीत उतरवून किंवा बंद खोलीत चालवू नका. त्याच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड हा वायू असतो. त्याला रंग नाही, वास नाही. विहिरीत तो साचतो. खाली गेलेला माणूस बेशुद्ध पडतो आणि त्याला काढायला उतरलेला दुसराही वर येत नाही.

रोजची निगा फार नाही. आपल्या काळ्या रानाची वाळलेली धूळ अत्यंत बारीक असते. ती एअर फिल्टरमधून आत गेली, तर तेलात मिसळून पिस्टन कानशीसारखा घासते. म्हणून फिल्टर रोज उघडून पाहावा. स्पंजचा असेल तर साबणाच्या पाण्यात धुऊन, पिळून, पूर्ण वाळवून, पुस्तिकेत सांगितले असल्यास दोन थेंब तेल लावून बसवावा. कागदाचा असेल तर हलकेच झटकावा आणि खराब झाला की बदलावा. ‘फिल्टर काढला की ताकद वाढते’ असे कुणी सांगितले, तर ऐकू नका. सिलिंडरच्या पंख्यांत अडकलेले गवत ब्रशने काढावे, नाही तर इंजिन तापते. ग्रास कटरच्या दांड्याच्या टोकाशी असलेल्या गिअरला साधारण वीस-पंचवीस तासांनी ग्रीस द्यावे.

प्लग हा यंत्राची नाडी आहे. टोक फिके तपकिरी असेल तर प्रकृती ठीक. काळे, ओले असेल तर तेल जास्त किंवा फिल्टर तुंबलेला. पांढरे पडले असेल तर इंजिन तापते आहे, पेट्रोल कमी पोचते आहे. चोक ओढून बरेच झटके मारले आणि पेट्रोलचा वास येऊ लागला, तर आणखी दोरी ओढत बसू नये. प्लग काढून पुसावा, चोक उघडावा, प्लगच्या वायरचे टोक बाजूला ठेवून पाच-सहा वेळा दोरी ओढावी आणि मग प्लग बसवावा.

हंगाम संपला की मुख्य काम. टाकी डब्यात पूर्ण रिकामी करावी. मग यंत्र मोकळ्या जागी चालू करून आपोआप बंद पडेपर्यंत चालू द्यावे, म्हणजे कार्बोरेटर कोरडा होतो. निवल्यावर प्लग काढून भोकात चमचाभर तेल सोडावे, दोरी हळू दोन-तीनदा ओढावी, प्लग परत लावावा. यंत्र पुसून, झाकून, उंचावर ठेवावे. युरियाच्या पोत्यांशेजारी नको, कारण खताने धातू खातो. आणि उंदरांच्या वाटेवर नको, कारण ते नळ्या कुरतडतात. या सगळ्याला अर्धा तास लागतो.

शिक्षक मित्रांनो, तुमच्याकडे एक मागणे आहे. एकास पन्नासचे प्रमाण म्हणजे अपूर्णांकांचे चांगले गणित आहे. पाच लिटरला किती तेल, सात लिटरला किती, हे मुलांकडून सोडवून घ्या आणि उत्तरांचा तक्ता घरी लावायला सांगा. प्रत्यक्ष पेट्रोल मात्र वर्गात आणू नका. काचेच्या पेल्यात गोडेतेल आणि रंगीत पाणी घालून हलवा. पाणी तळाशी बसते आणि तेल वर येते, हे मुले डोळ्यांनी पाहतील. यंत्राच्या टाकीत पाणी कुठे जाऊन बसते, हे मग त्यांना सांगावे लागणार नाही. पुस्तिका वाचता न येणाऱ्या आजोबांना घरचा सातवीतला मुलगा किंवा मुलगी ती वाचून दाखवील आणि त्या घरचे यंत्र दोन-चार वर्षे तरी अधिक चालेल.