आवाज वाढवा, पण बेतानं

घरच्या घरी गाणं रेकॉर्ड करणारे आता आपल्या मंडळात बरेच झालेत, आणि प्रत्येकाची तक्रार एकच: "सगळं झकास जमलंय, पण गाडीत सिनेमातल्या गाण्यानंतर लावलं की आपला आवाज बारीक वाटतो." मग 'नॉर्मलाइज'चं बटण दाबायचं. फरक जवळजवळ शून्य!

त्याचं कारण सोपं आहे. डिजिटल आवाजाला वर छत असतं, शून्य डेसिबलचं. नॉर्मलाइज म्हणजे सर्वात उंच टोक त्या छताला टेकेपर्यंत सगळं सारखं उचलणं. आपल्या गाण्यात ते टोक बहुधा तबल्याच्या थापेचं. ती टेकली की गायकाला वर सरकायला जागाच उरत नाही. आणि कान तर मोठेपणा ठरवतो सरासरीवरून. म्हणून टोकं दाबून बाकीचं वर घ्यायचं. हे काम लिमिटरचं. दोन-तीन डेसिबल दाबलं तर सहसा कळतही नाही. पण तिथे थांबतंय कोण?

ओळखीच्या एका काकूंनी, वय ७४, पुण्यातल्या बहिणीसाठी दोन अभंग गायले. घरच्या उत्साही मंडळींनी लिमिटरमधून आवाज तब्बल १२ डेसिबलनं चढवला. तबला पुठ्ठ्यावर वाजवल्यासारखा झालाच, शिवाय दोन ओळींमधला काकूंचा श्वास गाण्याच्या शेजारी येऊन बसला. मागे फ्रिजची घरघर. काकू ऐकून म्हणाल्या, "मी इतकी धापा टाकते होय रे? नको पाठवूस."

मग मूळ मिक्स पुन्हा उघडलं. तबलाच चार डेसिबल खाली घेतला, गळ्याच्या ट्रॅकमधलं ८० हर्ट्झखालचं कापलं (डग्ग्याच्या ट्रॅकला हे करू नका, घुमारा जातो), आणि लिमिटर फक्त तीनवर. तेवढ्यावर काकूंनी परवानगी दिली.

मोठ्यांनाही हा मोह सुटलेला नाही. २००८ मध्ये मेटॅलिकाचा 'डेथ मॅग्नेटिक' आला, तेव्हा तो इतका दाबलेला होता की चाहतेच वैतागले. 'गिटार हीरो' या व्हिडिओ गेममधली तीच गाणी जास्त मोकळी वाटत होती!

बरं, हा आटापिटा करून मिळतं काय? स्पॉटिफाय साधारण उणे १४ एलयूएफएस या सरासरी पातळीला गाणी वाजवतं. त्याहून मोठं असेल ते खाली आणतं. यूट्यूबही जास्त मोठं गाणं खाली आणतं. आवाज खाली येतो, चिरडलेली थाप काही परत येत नाही.

तुलना करताना आधी दोन्ही गाणी कानाला सारखी मोठी करून घ्या, नाहीतर जे मोठं तेच कानाला चांगलं वाटतं. लिमिटरची वरची मर्यादा उणे एक ठेवा, एमपीथ्री करताना टोकं थोडी वर उसळतात. आणि लिमिटर न लावलेली फाईल वेगळी जपून ठेवा.

आता ज्यांनी पेनड्राइव्ह आणलाय त्यांनी पुढे या, एकेकाचं ऐकू.