सहा आकड्यांआधीचा मजकूर

आमच्या परभणीकडे क्रेडिट कार्ड एकट्याचं क्वचितच राहतं. गल्लीत एकाकडे ते असलं, की पुतण्याची स्पर्धा परीक्षेची पुस्तकं, शेजारणीचा मिक्सर, गंगाखेडच्या मेव्हण्याचा मोबाइल, सारी ऑनलाइन खरेदी त्याच्यावरच येते. मग अंगणातून हाक येते, ‘चाचा, ओटीपी आला का?’ चाचाही बाजेवर पडल्या पडल्या सहा आकडे मोठ्यानं सांगून टाकतात. या उसनवारीत माणुसकी आहे. ती मोडा, असं मी म्हणणार नाही. पण फोनवरच्या भामट्याला हीच सवय हवी असते. त्याला फक्त घरच्यासारखं बोलता आलं, की पुरे!

ऑगस्ट 2009 पासून रिझर्व्ह बँकेनं ऑनलाइन खरेदीला कार्डावरच्या आकड्यांखेरीज आणखी एक खूण सक्तीची केली. ओटीपी ती खूण. त्याच्या संदेशात बहुधा रक्कम असते, दुकानाचं नाव असतं. आपण आकडे तेवढे वाचतो, मजकूर सोडून देतो. ‘तुमचे पैसे परत करायचेत, ओटीपी सांगा,’ असं कुणी म्हणालं, तर फोन ठेवून द्यावा. पैसे यायला ओटीपी लागत नाही, जायलाच लागतो.

इथं एक कायद्याची मेख आहे. 2017 च्या नियमांत म्हटलं होतं, की दोष बँकेचा नाही, तुमचाही नाही आणि बँकेचा संदेश आल्यापासून तीन कामकाजी दिवसांत तुम्ही कळवलं, तर भुर्दंड तुमच्यावर नाही. मात्र ओटीपी स्वतःच्या तोंडानं सांगितला असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं. तेव्हा लोक काय म्हणतील, म्हणून रात्र घालवू नका. आधी बँकेला सांगून कार्ड बंद करा, लगेच 1930 या सायबर मदत क्रमांकावर तक्रार नोंदवा.

आणखी एक सोय फार थोडे लोक वापरतात. बँकेच्या अ‍ॅपमध्ये ऑनलाइन खरेदी बंद-चालू करता येते, मर्यादाही घालता येते. परदेशी व्यवहार तर बंदच ठेवावेत. बाहेरच्या कित्येक दुकानांत ओटीपी विचारतच नाहीत. पुतण्याला पुस्तकं हवीत ना? त्याला शेजारी बसवा, पुस्तकांच्या किमतीइतकीच मर्यादा ठेवा, ओटीपी स्वतः टाका. तो उठायच्या आत खरेदीची सोय पुन्हा बंद.