ही ओळ कोणत्या यंत्राविषयी बोलते?



गुरुजींच्या स्मृतिव्याख्यानासाठी मराठीच्या निवृत्त प्राध्यापकाने संगणकाचा विषय निवडावा, याचे आपणांस नवल वाटेल. या शाळेचा एक माजी विद्यार्थी कंपायलर घडविण्याचे काम करतो. इतरांनी सुचविलेले बदल तपासून ते स्वीकारावेत की नाही, हे ठरविणे हा त्याच्या कामाचा एक भाग. गेल्या दिवाळीत त्याने मला असाच एक बदल दाखविला. काढलेल्या ओळींपुढे वजाचे चिन्ह, घातलेल्या ओळींपुढे अधिकाचे. आयुष्यभर मुद्रिते तपासलेल्या माणसाला ते पान परके वाटले नाही.

माणसाने लिहिलेल्या प्रोग्रामचे यंत्राच्या आज्ञांत रूपांतर करणारा प्रोग्राम म्हणजे कंपायलर. बहुधा तो ज्या जातीच्या यंत्रावर चालतो, त्याच जातीच्या यंत्रासाठी आज्ञा तयार करतो. परंतु धुलाईयंत्रातील चिमुकल्या संगणकात कंपायलर मावेल एवढी जागाच नसते. मग मेजावरच्या संगणकावर प्रोग्राम सिद्ध करून तो तिकडे पाठवावा लागतो. यास क्रॉस-कंपायलेशन म्हणतात. १९८७ साली प्रथम प्रसृत झालेल्या जीसीसी या कंपायलरच्या परिभाषेत तीन यंत्रे वेगळी मानली जातात: कंपायलर जेथे घडविला जातो ते बिल्ड, जेथे तो चालतो ते होस्ट आणि ज्याच्यासाठी तो आज्ञा तयार करतो ते टार्गेट.

अशा बदलाच्या तपासनिसाने प्रत्येक ओळीला विचारावयाचे ते एवढेच: ही ओळ यांपैकी कोणत्या यंत्राविषयी बोलते? सी भाषेतील ‘लाँग’ हा पूर्णांक ६४ बिटांच्या लिनक्स-यंत्रावर सामान्यतः ८ बाइटांचा असतो, ३२ बिटांच्या यंत्रावर ४ बाइटांचा. ही लांबी टार्गेटच्या वर्णनातून न घेता कंपायलरने आपण चालत असलेल्या यंत्राचीच गृहीत धरली, तर दोन्ही यंत्रे एकाच जातीची असेपर्यंत काहीही बिघडत नाही. यंत्रे भिन्न झाली की स्मृतीतील मांडणी चुकते आणि दूर कोठेतरी आकडे भलतेच वाचले जातात. त्या बदलातही नेमके हेच झाले होते. लेखन सुबक होते, चाचण्याही उत्तीर्ण झाल्या होत्या. पण त्या सर्व होस्ट आणि टार्गेट एकच धरून घेतलेल्या. त्याने बदल परत पाठविला आणि चाचण्या प्रत्यक्ष टार्गेटवर, निदान त्याची नक्कल करणाऱ्या क्यूईएमयूसारख्या प्रोग्रामवर, घेण्यास सांगितले.

हे ऐकताना मला माझीच एक चूक आठवली. फार वर्षांपूर्वी महाराष्ट्राबाहेरील मराठी मुलांसाठी तयार झालेल्या एका वाचनमालेचे हस्तलिखित माझ्याकडे तपासणीस आले होते. ‘आपल्या राज्याची राजधानी मुंबई’ हे वाक्य मी वाचले, ऱ्हस्वदीर्घ पाहिले आणि पुढे गेलो. पुस्तक छापले गेले. येथे इंदुरात एका वर्गात एक मुलगी उठून म्हणाली, “बाई, मग भोपाळ कुणाची?” बाईंनी ते मला सांगितले, तेव्हा मान खाली गेली. मी स्वतः इंदूरचा. पण पुण्यात छापलेली पुस्तके वाचतच मी वाढलो होतो. त्यांतले ‘आपले राज्य’ मला खटकेनासे झाले होते. लेखकाच्या गावी ते वाक्य खरे होते. ज्यांच्यासाठी लिहिले, त्यांच्या गावी ते खोटे होते.

लेखकाच्या डोळ्यांनी वाचणारा तपासनीस शुद्धलेखन सुधारतो, चूक मात्र तशीच पुढे धाडतो. दूरचे यंत्र आणि दूरचा वाचक तपासणीच्या वेळी हजर नसतात. त्यांची बाजू तपासनिसानेच मांडावयाची असते.

गुरुजी गणित शिकवीत. उत्तर बरोबर असूनही पुढे एकक लिहिले नसेल, तर ते गुण कापीत आणि समासात लिहीत, ‘कशाचे?’ तो तांबडा प्रश्न त्या वाचनमालेच्या वेळी मला आठवला नाही. त्यांच्या या विद्यार्थ्याला मात्र वेळेवर आठवला, याचे समाधान मानून आणि गुरुजींच्या स्मृतीस वंदन करून मी आपली रजा घेतो.