संदेशाच्या तारेतून वीज

वैशाखात धाराशिवच्या आसमंतात वळवाची वावटळ उठली की पहिला घाला विजेच्या दिव्यावर पडतो, हा तेथील गृहस्थांचा जुना अनुभव आहे. परंतु ज्या घरांत तांब्याच्या तारेवरचा टेलिफोन होता, तेथे अशा वेळी एक नवल घडे आणि त्याकडे कोणाचे फारसे लक्ष जात नसे. घरात मिट्ट काळोख असे, पंखा थांबलेला असे, आणि तरीही रिसीव्हर उचलून कानाशी धरला की त्यातील गुणगुण ऐकू येई.

या नवलाचे मूळ घरात नव्हते. ते टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होते. तेथे शिशाच्या मोठ्या बॅटऱ्यांची रांग मांडलेली असे आणि ती ४८ व्होल्टांच्या दाबाने प्रत्येक ग्राहकाच्या तारेस प्रवाह पुरवीत असे. बाहेरची वीज गेली तरी बॅटऱ्या कित्येक तास तग धरीत. म्हणजे ज्या दोन तारांवरून बोलणे जाई, त्याच दोन तारांवरून त्या यंत्राची शिदोरीही येई. मुंबईत १८८२ साली टेलिफोन सुरू झाला, त्या काळच्या यंत्रांना ही सोय नव्हती. प्रत्येकाजवळ त्याची स्वतःची बॅटरी ठेवावी लागे.

अलीकडे तांब्याची जागा काचेच्या तंतूने घेतली आहे. केंद्र सरकारने २०११ साली मंजूर केलेली आणि पुढे ‘भारतनेट’ या नावाने ओळखली गेलेली योजना हे तंतू ग्रामपंचायतींपर्यंत नेण्यासाठीच आहे. तंतूचा वेग तांब्याहून कितीतरी अधिक, यात वाद नाही. परंतु काचेतून उजेड जातो. यंत्र चालविण्याजोगी वीज त्या तंतूतून येत नाही. गावची वीज गेली आणि पंचायतीच्या कचेरीत दुसरी तजवीज नसली, तर तंतू शाबूत असूनही त्याच्या टोकाचे यंत्र मुके होते. ज्या जिल्ह्याने ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेचा भूकंप पाहिला, ज्यात शेजारच्या लातूर जिल्ह्यातील किल्लारीबरोबर या जिल्ह्यातील सास्तूरचीही माती झाली, त्या जिल्ह्यात तरी ही गोष्ट किरकोळ म्हणून सोडून देता येणार नाही. संकटात निरोपाची गरज असते, आणि वीज नेमकी तेव्हाच नसते.

तांब्याचा तो जुना गुण आता संगणकांच्या जाळ्यात पुन्हा अवतरला आहे. त्याचे नाव ‘पॉवर ओव्हर इथरनेट’. ‘आय-ट्रिपल-ई’ या अभियंत्यांच्या संस्थेने २००३ साली त्याचा पहिला सर्वमान्य नियम घालून दिला. संगणकाच्या केबलीत तांब्याच्या आठ तारा असतात. दोन-दोन पिळून त्यांच्या चार जोड्या केलेल्या असतात. याच तारांतून संदेशाबरोबर कॅमेऱ्याला, टेलिफोनला किंवा वायफायच्या पेटीला लागणारी वीजही पाठविता येते. दाबही जुन्या एक्स्चेंजच्याच घरचा, ४८ व्होल्टांच्या आसपास.

एका तारेत वीज आणि संदेश यांची गल्लत कशी होत नाही, असा प्रश्न कोणासही पडेल. वाण्याचा तराजू डोळ्यांसमोर आणावा. तराजू उंच धरला काय किंवा खाली धरला काय, दोन पारड्यांतील फरक तोच राहतो. जोडीतील दोन्ही तारांवर विजेचा दाब सारखाच चढविलेला असतो, आणि संदेश वाचणारे यंत्र पाहते ते केवळ दोन तारांमधील फरक. विजेची परतीची वाट असते ती दुसऱ्या जोडीवरून.

देणारी पेटीही मोठी सावध. तारेच्या टोकाशी कोण आहे याची चौकशी केल्यावाचून ती पूर्ण वीज सोडीत नाही. प्रथम दहा-एक व्होल्टांच्या आतला हलका दाब देऊन ती पाहते, आणि समोर सुमारे २५,००० ओहमांचा ठरलेला अडथळा आढळला तरच दार उघडते. उगाच कोणी जुना संगणक जोडला तर तो जळत नाही तो यामुळेच. बाजारात ही चौकशी न करताच वीज ओतणारे स्वस्त जोड मिळतात. त्यांच्या वाटेस न जावे हे बरे.

आता घटीचा हिशेब. मोटेचे पाणी पाटाने दूरच्या वाफ्यापर्यंत जाताना वाटेत मुरते, तशीच तारेत वीज मुरते आणि तिची ऊब होते. २००३ च्या नियमात पेटीने १५.४ वॉट द्यावे आणि १०० मीटरांच्या केबलीच्या टोकाशी यंत्राने १२.९५ वॉटांचाच भरवसा धरावा असे आहे. मधले २.४५ वॉट कोठे गेले? तारेचा अडथळा २० ओहम आणि प्रवाह ०.३५ अँपिअर धरलेला आहे. प्रवाहाचा वर्ग करून अडथळ्याने गुणावा, उत्तर बरोबर तेवढेच येते. २००९ च्या नियमाने पेटीकडील आकडा ३० वॉटांवर गेला. २०१८ मध्ये चारही जोड्या कामास लावून तो ९० पर्यंत चढला. प्रवाह दुप्पट झाला की ऊब चौपट होते. म्हणून ॲल्युमिनियमवर तांब्याचा नुसता मुलामा दिलेली केबल येथे चालत नाही. ती शुद्ध तांब्याच्या केबलीशेजारी ठेवली तर दिसायला सारखीच, आणि दुकानदार ती निराळी असल्याचे आपण होऊन सांगेलच असे नाही.

एक मर्यादा मात्र स्पष्ट सांगितली पाहिजे. एक्स्चेंजची वीज मैलोगणती जाई, कारण टेलिफोनची भूक अत्यल्प होती. ही नवी वीज १०० मीटरांपुरती. तेव्हा प्रत्येक शाळेला, दवाखान्याला, पंचायतीला स्वतःचे छोटे एक्स्चेंज उभारावे लागते, आणि त्याचा जीव बॅटरीत. पूर्वी जो भार टेलिफोन खाते वाहत असे, तो आता ज्याच्या त्याच्या घरी येऊन पडला आहे. तंतूचे यंत्र, वीज देणारी पेटी, एक टेलिफोन व वायफाय मिळून ४० वॉट लागतात असे धरू. १२ व्होल्टांची, १०० अँपिअर-तासांची शिशाची बॅटरी कागदावर १,२०० वॉट-तासांची. परंतु तिचे आयुष्य राखावयाचे तर निम्मीच वापरावी, आणि वाटेतील घटही वजा करावी. म्हणजे बारा-तेरा तास, एक रात्र. एवढ्यासाठी बॅटरी एका खोक्यात बंद करून विसरून चालत नाही. धाराशिवच्या उन्हाळ्यात तिच्यातील पाणी लवकर आटते, आणि दर महिन्यास झाकणे उघडून डिस्टिल्ड वॉटर कोणी घालावयाचे, हे कचेरीत एका माणसाच्या नावावर लिहून ठेवावे लागते.