वेडेपणाचा शिक्का आणि नागरिकाचे हक्क
(महाड येथे दिलेले व्याख्यान)



येथून हाकेच्या अंतरावर असलेले चवदार तळे महाड नगरपालिकेने १९२४ सालीच ठराव करून अस्पृश्यांस खुले केले होते. तरीही २० मार्च १९२७ पर्यंत त्या पाण्यास आपला हात लागला नाही. आणि त्यानंतर विरोधकांनी लावलेल्या दाव्याचा उच्च न्यायालयात निकाल लागण्यास १९३७ साल उजाडले. कागदावरील हक्क आणि ओंजळीतील पाणी यांत केवढे अंतर असते, हे महाडकरांस मी काय सांगावे? आज ज्या हक्कांविषयी बोलावयाचे आहे, तेही असेच कागदावर पडून आहेत.

मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ साली झाला व २९ मे २०१८ पासून अंमलात आला. त्याचे तिसरे कलम धर्मांतरितांनी अवश्य वाचावे. समाजात रूढ असलेल्या नैतिक, सामाजिक वा धार्मिक समजुती एखादा माणूस मानीत नाही, एवढ्यावरून त्यास मनोरुग्ण ठरविता येत नाही, असे ते सांगते. देव्हारा रिकामा करणाऱ्या सुनेस ‘हिचे डोके फिरले’ म्हणणाऱ्यांस हे कायद्याचे उत्तर आहे. त्याच कलमात आणखी एक गोष्ट आहे. आजार ठरला म्हणजे माणूस भ्रमिष्ट ठरला असे नव्हे. ते ठरविण्याचा अधिकार सक्षम न्यायालयाचा. ‘तो वेडा, त्याची सही कशाला?’ असे म्हणून सातबाऱ्यावरून भावाचे नाव उडवू पाहणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. आम्हां वकिलांकडे अशी माणसे येतात, आणि ती फार सभ्यपणे बोलतात!

परंतु दोष सदैव परक्यांचाच, असे मी म्हणणार नाही. १९५६ साली आपण देव सोडले. भगत सोडला काय? पोलादपूरच्या डोंगरवाडीतील ज्या मुलास रात्र रात्र झोप नाही, कानांत आवाज ऐकू येतात, त्यास प्रथम कोठे नेले जाते, हे आपणच आपल्या मनास विचारावे. भूत उतरविण्याच्या नावाखाली माणसास दोराने वा साखळीने बांधून मारणे, मिरचीची धुरी देणे, हा २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत. २०१७ च्या कायद्याने तर मनोरुग्णास कोणत्याही प्रकारे साखळीने जखडणे निषिद्ध केले आहे. तमिळनाडूतील एरवाडी येथे ६ ऑगस्ट २००१ रोजी आग लागली, तेव्हा २८ मनोरुग्ण मृत्यू पावले. ते साखळदंडांनी बांधलेले होते. बरे व्हावेत म्हणून आप्तांनीच त्यांना तेथे आणून ठेवले होते.

जुलै २०२१ मध्ये तळियेवर दरड कोसळली. ज्याची घरची माणसे त्या मातीखाली गेली, त्याची झोप उडाली तर त्यात लाज कसली? दारिद्र्यरेषेखालील माणसास, हाती कार्ड असो वा नसो, सरकारी उपचार विनामूल्य मिळाले पाहिजेत. रुग्णालयात डोके भादरण्याची सक्ती करता येत नाही, आणि रुग्णाकडून काम घेतल्यास मोबदला द्यावाच लागतो. वेठ काय असते, हे आपल्या पूर्वजांस ठाऊक होते.

आता मुख्य गोष्ट. उद्या आपणच आजारी पडलो, तर आपल्या वतीने कोणी बोलावे हे आज ठरविता येते. कोऱ्या कागदावर लेखी नाव द्यावयाचे, खाली सही किंवा अंगठा; कायद्यात त्यास नामनिर्देशित प्रतिनिधी म्हणतात. तो सज्ञान असावा व त्याची संमती असावी. नातेवाईकच असावा असे बंधन नाही. माहेर आणि सासर दोन्ही धर्मांतरावरून दुरावलेल्या भगिनीने मैत्रिणीचे नाव लिहिले तरी चालते. हक्क डावलला गेल्यास वकील मोफत मिळतो. त्यासाठी तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करावा.

मी कोरे कागद बरोबर आणले आहेत. सभा संपल्यावर दाराजवळच्या मेजापाशी बसेन.

जय भीम.