धोकादायक कुत्रा : ठरवायचे कोणी आणि कसे?



आजच्या व्याख्यानाचा विषय फलकावर वाचून काही मंडळींना हसू आले असेल. ज्या व्यासपीठावर वेदान्त, इतिहास आणि अर्थकारण यांची चर्चा व्हायची, तेथे कुत्र्याला कोणी आणून बसविले, असेही कोणाच्या मनात आले असेल. परंतु सभा संपल्यावर जे श्रोते रात्री गल्लीबोळांतून पायी घरी जाणार आहेत, त्यांना हा विषय क्षुल्लक वाटणार नाही, अशी आमची खात्री आहे. या मंडपात कुत्रा पाळणारे आहेत, तसे कुत्र्याचा चावा सोसलेलेही असतील. दोघांचेही गाऱ्हाणे खरे असू शकते. आणि अडचण नेमकी तेथेच आहे.

आपल्याकडे बंगल्याच्या फाटकावर ‘कुत्र्यापासून सावध राहा’ अशी पाटी असते. ती लावली की आपली जबाबदारी संपली, पुढे येणाऱ्याने आपले पाय सांभाळावेत, असा मालकाचा समज असतो. इंग्लंडातील जुन्या न्यायतत्त्वाने पाहिले तर हीच पाटी मालकाच्या अंगाशी येऊ शकते. ते तत्त्व असे : कुत्रा हा स्वभावतः माणसाळलेला प्राणी, तो कोणाला चावला तर मालकाकडून भरपाई मागण्यापूर्वी, कुत्र्याची ही खोड मालकाला आधीपासून ठाऊक होती, हे फिर्यादीने सिद्ध केले पाहिजे. यावरूनच प्रत्येक कुत्र्याला पहिला चावा माफ आहे, असे थट्टेने म्हणू लागले. थट्टा सोडली तरी व्यवहारात काय होई ते पाहा. शेजारी म्हणे, ‘तुमचा कुत्रा चावरा आहे.’ मालक म्हणे, ‘छे हो, आजवर कोणाला नखसुद्धा लावलेले नाही.’ आणि मालकाच्या मनात काय होते याचा पुरावा बिचाऱ्या शेजाऱ्याने आणावा कोठून?

ही पळवाट बुजविण्याच्या दिशेने १८७१ साली तेथे एक कायदा झाला. कुत्रा धोकादायक आहे आणि त्याला ताब्यात ठेवलेले नाही, अशी तक्रार आली तर मॅजिस्ट्रेटने ती ऐकावी, आणि कुत्र्याला नीट ताब्यात ठेव, असा हुकूम मालकास द्यावा किंवा कुत्र्याला मारण्याचा हुकूम द्यावा. पुढच्या काळात कित्येक देशांत हे काम कोर्टाकडून स्थानिक संस्थेकडेही आले. कुत्रा ‘धोकादायक’ म्हणून जाहीर करायचा, म्हणजे मालकाचे पूर्वज्ञान दप्तरात लिहून ठेवायचे. एकदा नोटीस हाती पडली की ‘मला ठाऊक नव्हते’ हे वाक्य संपले. जाहीर करण्याचे खरे सामर्थ्य आमच्या मते यातच आहे, दंडात नव्हे.

हे काम प्रत्यक्षात कसे चालते ते पाहण्यासाठी आपण ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स राज्यात जाऊ. सिडनी ही त्या राज्याची राजधानी. तेथे १९९८ साली पाळीव जनावरांविषयी एक कायदा झाला. त्यानुसार कौन्सिलाचा अधिकृत अधिकारी एखादा कुत्रा धोकादायक ठरवू शकतो. कौन्सिल म्हणजे आपली मुन्सिपालटीच समजा. अधिकार कोर्टालाही आहे, पण रोजचे काम कौन्सिलाचे.

धोकादायक कोणाला म्हणावे? एक, ज्याने डिवचल्याशिवाय माणसावर किंवा जनावरावर हल्ला केला किंवा त्याचा जीव घेतला तो. दोन, जो डिवचल्याशिवाय वारंवार अंगावर धावून जातो किंवा पाठलाग करतो तो. आणि तीन, जो शिकारीसाठी पाळला आहे तो; मग त्याने कोणाला दात लावलेला असो वा नसो. उंदीर-घुशींसारख्या उपद्रवी प्राण्यांवर धावल्याबद्दल मात्र कुत्र्याला दोष नाही. आपल्याकडे म्हण आहे की भुंकणारे कुत्रे चावत नाही. सिडनीच्या कौन्सिलांनी ही म्हण मान्य केलेली नाही. रोज सकाळी सायकलवरच्या मुलामागे धावणारे कुत्रे चावेपर्यंत थांबावे लागत नाही, हा या व्याख्येचा मोठा गुण होय.

त्याच्याच जोडीला ‘डिवचल्याशिवाय’ हा शब्दही तितकाच महत्त्वाचा. दगड मारणाऱ्याला, शेपूट ओढणाऱ्याला कुत्रा चावला, तर सगळा दोष कुत्र्याच्या माथी मारता येत नाही. हल्ल्याच्या गुन्ह्याबाबतही, कुत्र्याला कोणी छळले होते, कोणी परवानगीवाचून आवारात शिरले होते, किंवा कुत्रा घराचे वाजवी रक्षण करीत होता, हे बचाव कायद्यानेच दिले आहेत.

तक्रार आली की अधिकारी लागलीच शिक्का मारीत नाही. कुत्रा धोकादायक ठरविण्याचा आपला विचार आहे, अशी लेखी नोटीस तो आधी मालकाला देतो. मालकाला हरकत नोंदविण्यास सात दिवस मिळतात. या सात दिवसांत कुत्र्याला मोकळे सोडता येत नाही, हे ओघानेच आले. हरकत आली तर तिचा विचार करावाच लागतो. त्यानंतरही कुत्रा धोकादायक ठरला तर मालक अठ्ठावीस दिवसांत तेथील स्थानिक कोर्टात अपील करू शकतो. आमच्या काही मित्रांना ही सारी दप्तरदिरंगाई वाटते. चावा घेतला तो कुत्र्याने आणि सुनावणी कसली घेता, असे ते विचारतात. पण शेजाऱ्यांची भांडणे आपण सर्वांनी पाहिलेली आहेत. पाण्यावरून, पार्किंगवरून, जिन्यातल्या चपलांवरून धुमसणारे वैर कुत्र्याच्या पाठीवरून काढायला कितीसा वेळ लागतो? सात दिवसांची ती सवड खोट्या तक्रारीला पुरून उरते.

एकदा कुत्रा धोकादायक ठरला की मालकामागे नियमांचा चांगलाच ससेमिरा लागतो. अठ्ठावीस दिवसांत कुत्र्याचे निर्बीजीकरण. कातडीखाली ओळखीची चिप. गळ्यात लाल-पिवळ्या तिरप्या पट्ट्यांचा ठराविक पट्टा, म्हणजे लांबूनच ओळखू यावे. फाटकावर धोकादायक कुत्र्याची पाटी, आणि ही पाटी ऐच्छिक नव्हे. आवाराबाहेर काढायचे तर साखळी हवी आणि तोंडाला मुसके हवे. अठरा वर्षांखालील मुलाच्या एकट्याच्या हवाली कुत्रा करायचा नाही. तो विकायचा नाही. हल्ला झाला किंवा कुत्रा हरवला तर चोवीस तासांत कौन्सिलाला कळवायचे. २०२० पासून तर दरवर्षी पैसे भरून परवानाही घ्यावा लागतो.

या सगळ्यांत पिंजऱ्याचा नियम आम्हाला विशेष मननीय वाटतो. प्रत्येक कुत्र्यामागे किमान दहा चौरस मीटर जागा, उंची आणि रुंदी निदान एक मीटर ऐंशी सेंटीमीटर, वर छप्पर, खाली उतार काढलेली सिमेंटची जमीन. आणि कुत्र्याला खणून बाहेर पडता येणार नाही अशी रचना. आपल्या शहरांत कित्येक कुटुंबे जेवढ्या खोलीत संसार करतात, तेवढी जागा तेथे एका दोषी कुत्र्याला देणे सक्तीचे आहे. हे ऐकून कोणी हसावे, कोणी खंतावावे. आम्हाला त्यात शहाणपण दिसते. कोंडलेले जनावर आणखी चिडते, आणि दुबळे दार केव्हातरी उघडे राहते. म्हणून कायद्याने कुत्र्याच्या स्वभावाची नुसती चर्चा केली नाही, दाराची कडी आणि जमिनीचा उतारही पाहिला. अपघात बहुधा तेथेच होतात.

शिवाय हा शिक्का जन्मभराचा नाही. बारा महिन्यांनंतर मालक तो काढण्यासाठी अर्ज करू शकतो. धोकादायक आणि निर्दोष यांच्या मधली ‘धाकदपटशा करणारा’ अशी एक सौम्य पायरीही २०१३ च्या दुरुस्तीने आणली, हे चांगले झाले. कारण एकच शिक्षा हाती असली की अधिकारी एकतर ती देत नाही, नाहीतर नको तेथे देतो.

येथवर आपण कुत्र्याच्या कृतीवरून निर्णय घेण्याची रीत पाहिली. दुसरी रीत जातीवरून निर्णय घेण्याची. १९९१ च्या मे महिन्यात इंग्लंडात कुत्र्यांच्या भयंकर हल्ल्यांनी मोठी खळबळ उडाली आणि त्याच वर्षी घाईने कायदा झाला. पिट बुल टेरिअर, जपानी टोसा, डोगो अर्जेंटिनो आणि फिला ब्राझिलेरो हे चार प्रकार त्यात निषिद्ध ठरले. आता पिट बुल म्हणजे कोणता? हा प्रश्न जन्मदाखल्यावरून नव्हे, तर डोक्याची, छातीची, पायांची ठेवण पाहून सोडवायचा. आणि आपला कुत्रा त्यातला नाही, हे सिद्ध करण्याचे ओझे मालकावर! कोणाला न चावलेल्या कुत्र्यांच्या बाबतीतही प्रकरणे वर्षानुवर्षे चालली. दोषी ठरल्यास कुत्र्याला मारणे सक्तीचे होते, ती सक्ती १९९७ साली सैल करावी लागली. तरीही यादी वाढतच गेली. एक्सएल बुली या नव्या धिप्पाड प्रकाराची भर २०२३ मध्ये पडली, आणि १ फेब्रुवारी २०२४ पासून इंग्लंड-वेल्समध्ये सवलतीच्या दाखल्यावाचून तो बाळगणे गुन्हा झाले. म्हणजे १९९१ साली एक दार बंद केले, आणि पैदास करणाऱ्यांनी शेजारी दुसरे पाडले. न्याय्यता म्हणून हेही सांगितले पाहिजे की न्यू साउथ वेल्समध्येही निर्बंधित जातींची यादी आहे. मोहापासून तेही राज्य सुटलेले नाही. अजस्र जबड्याच्या कुत्र्याचा एक चावा लहान कुत्र्याच्या दहा चाव्यांहून भारी, हे आम्हाला मान्य आहे. पण जात पाहणारा अधिकारी फाटक पाहायला विसरतो, हीही गोष्ट खरी.

आपल्या देशाने हा मोह अलीकडेच अनुभवला. १२ मार्च २०२४ रोजी केंद्र सरकारच्या पशुसंवर्धन खात्याने राज्यांना पत्र पाठवून तेवीस जातींच्या कुत्र्यांची आयात, पैदास आणि विक्री बंद करण्यास सांगितले. महिना उलटतो न उलटतो तोच कर्नाटक उच्च न्यायालयाने ते रद्द ठरविले. ज्यांचा संबंध होता त्यांचे म्हणणे ऐकलेच नव्हते. सिडनीचा अधिकारी एका कुत्र्यासाठी सात दिवस थांबतो, आणि येथे तेवीस जातींसाठी कोणी थांबले नाही.

न ऐकता केलेल्या हुकमाचा पूर्वानुभव मुंबईला तर फार जुना आहे. १८३२ च्या उन्हाळ्यात बेवारशी कुत्री मारण्याचा हुकूम होता आणि मारणाऱ्याला दर कुत्र्यामागे बक्षीस होते. बक्षिसाच्या लोभाने शिपाई घराच्या आवारातली पाळलेली कुत्रीही धरू लागले, असा लोकांचा आक्षेप होता. पारशी धर्मात कुत्र्याला पवित्र स्थान आहे. ६ जूनला दंगल उसळली, बाजार बंद पडले, आणि दुसऱ्या दिवशी गोऱ्या फौजेच्या दाणापाण्याचीही अडवणूक झाली. शेवटी लष्कर बोलवावे लागले. नगावर मोल ठरले की निवाडा करायला सवड उरत नाही.

मग आपल्याकडे कायदा नाहीच का? पाळीव कुत्र्यापुरता आहे. भारतीय न्याय संहितेचे कलम २९१ पाहा. आपल्या ताब्यातील जनावरापासून माणसाच्या जिवाला धोका किंवा जबर दुखापत होऊ नये, एवढी काळजी न घेणाऱ्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. १८६० च्या दंडविधानात २८९ क्रमांकाने हीच तरतूद होती. पुण्या-मुंबईत पाळीव कुत्र्याला महापालिकेचा परवानाही लागतो. मात्र परवान्याच्या दप्तरात कुत्र्याच्या वर्तनाची नोंद करण्याची आणि तीवरून मालकाला आधीच बांधून घेण्याची रीत आपण रुजविलेली नाही. आपला कायदा जागा होतो तो रक्त सांडल्यावर.

आणि रस्त्यावरच्या कुत्र्याचे काय? ऑस्ट्रेलियातील कुत्र्यांत रेबीज नाही, आणि तेथील सगळी रचना मालक आहे या गृहीतावर उभी आहे. आपल्याकडे रोगही आहे आणि मालकही नाही. नोटीस चिकटवायची कोणत्या दारावर? २२ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्बीजीकरण आणि लसीकरण झालेली कुत्री जेथून उचलली तेथेच सोडण्यास सांगितले. त्यातून रेबीजची लागण झालेली वा तसा संशय असलेली आणि आक्रमक वर्तन करणारी कुत्री वगळली. आता ‘आक्रमक’ कोणी ठरवायचे? चावा घेतलेला मुलगा, त्याच कुत्र्याला रोज पोळी घालणाऱ्या आजी, की गाडी घेऊन आलेला कामगार?

या प्रश्नाला उत्तर प्रदेश सरकारने सप्टेंबर २०२५ मध्ये एक उत्तर देऊन पाहिले. पहिल्या चाव्यानंतर कुत्र्याला दहा दिवस केंद्रात ठेवायचे, चिप बसवून सोडायचे. तोच कुत्रा पुन्हा विनाकारण चावला तर त्याला कायमचे निवाऱ्यात ठेवायचे. डिवचले होते की नाही हे तिघांच्या समितीने ठरवायचे. योजनेत उणिवा पुष्कळ आहेत. निवारे कोठे, खर्च कोणाचा, कुत्र्याच्या बाजूने बोलायचे कोणी? आणि पहिला चावा माफ हे जुने तत्त्व मागच्या दाराने पुन्हा आत आलेच. तरीपण एका विशिष्ट कुत्र्याची ओळख पटवावी, त्याचे कृत्य लिहावे आणि एकाहून अधिक माणसांनी निर्णय घ्यावा, ही पद्धत आम्हाला बेवारशी कुत्र्यांसाठी पहिल्यांदाच नीट मांडलेली दिसते. आपल्या महापालिकांनी तिचा विचार करावा असे आम्ही आग्रहाने म्हणतो. आज कापलेल्या कानावरून त्या कुत्र्याची शस्त्रक्रिया झाली एवढे कळते. तो कोणाला चावला होता काय, हे त्या कानावरून कळत नाही.

तोवर नागरिकांच्या हाती काय आहे? चावा बसला तर जखम लागलीच वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन लस घ्यावी, हे आधी. मग तक्रार, आणि ती लेखी. ‘आमच्या गल्लीत कुत्र्यांचा फार उपद्रव आहे’ अशा अर्जावर कोणालाच काही करता येत नाही. दिवस, वेळ, जागा, कुत्र्याचा रंग, कान कापलेला आहे की नाही, कोणी डिवचले होते काय, पाहणारे कोण होते, एवढे लिहा. पाळीव असेल तर फाटक उघडे होते की बंद, तेही लिहा. अर्जाची पोच घ्या, आणि तोच कुत्रा पुन्हा अंगावर आला तर दुसऱ्या अर्जात पहिल्या अर्जाचा आवक क्रमांक घाला.